पन्नाशीतली पीएचडी

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर बी.एड. झाल्या आणि त्यानंतर इथल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, हे आपल्याला माहीत आहे. आज एखादीने तसं करायचं ठरवलं तर तिला कोण घेईल, एवढाच माझा विषय आहे. निमंत्रणपत्रिकेवर तो 'उच्चशिक्षित प्रौढ स्त्रियांची बेकारी' असा छापला गेला. पत्रिका वाटली गेल्यावर एका परिचितांचा मला फोन आला. म्हणाले, "विषय चांगला आहे, पण बेकार कशाला म्हणता? बरं दिसत नाही. चांगल्या घरच्या बायका आहेत त्या."

गंमत अशी की सरकारी मोजदादही त्यांच्याच मताची आहे. मी अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या देशात रोजगाराची पाहणी करणारे लोक घरी येतात आणि प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक देतात. काम शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला ८१ क्रमांक. हा झाला बेकार. शिकतो आहे त्याला ९१. फक्त घरकाम करते तिला ९२. घरकामाबरोबर घरच्यापुरतं शिवणटिपण, सरपण-पाणी वगैरे करते तिला ९३. ज्यांना ९१ किंवा त्यापुढचा क्रमांक मिळतो ते श्रमशक्तीतच धरले जात नाहीत. श्रमशक्तीत नाही म्हणजे बेकारही नाही.

आता पीएचडी झालेल्या, बावन्न वर्षांच्या एका बाईंच्या घरी हा पाहणी करणारा आला आहे, असं समजा. दार सासऱ्यांनी उघडलं. सून काय करते? "घरीच असते." ९२. तिने गेल्या जूनमध्ये किती ठिकाणी अर्ज केले, किती मुलाखतींना जाऊन आली, हे त्या दोन शब्दांत बसत नाही. समजा दार तिनेच उघडलं आणि म्हणाली, "महाविद्यालयात आठवड्याला सहा तास घेते," तर ती रोजगारात गेली. वार्षिक पाहणीच्या व्याख्येत वर्षभरात तीस दिवस काम केलेली व्यक्तीही दुय्यम कामामुळे कामकऱ्यांत धरली जाते, आणि आठवड्याच्या हिशेबात तर एक तास पुरतो. म्हणजे घरी बसली तर ती गृहिणी, सहा तास शिकवलं तर नोकरदार. या दोहोंच्या मध्ये तिची खरी अवस्था आहे, आणि तिच्यासाठी रकाना नाही.

त्यामुळे मोठे आकडे जरा जपून वाचावे लागतात. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. वाढ प्रचंड आहे. पण तिचा मोठा भाग ग्रामीण आहे, आणि त्यात स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. २०२३-२४ मध्ये शहरी स्त्रियांचा आकडा २८ टक्क्यांवर होता. म्हणजे शहरातल्या शंभरातल्या बहात्तर जणी हिशेबाबाहेर. या बहात्तरांमध्ये एम.एस्सी. आहेत, एम.फिल. आहेत, दोन-दोन पदव्युत्तर पदव्या घेतलेल्या आहेत. दर लग्नसमारंभात त्या आपल्याला भेटतात.

त्यांतल्या एकीची हकिगत सांगते. नाव नाही सांगणार, गावही नाही. विषय वनस्पतिशास्त्र. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.एस्सी., पहिला वर्ग, मग एम.फिल. लग्न झालं, नवरा बँकेत. बँकेची नोकरी म्हणजे तीन वर्षांनी बदली, आज धुळे तर उद्या चिपळूण. प्रत्येक गावात ही जवळच्या महाविद्यालयात जाऊन उभी राहायची, आणि प्रत्येक गावात 'सध्या तास घ्या, पुढे बघू' हे उत्तर. मुलगा जरा मोठा झाल्यावर तिने बिऱ्हाड एका जागी ठेवलं आणि नेटाने नोकरीच्या मागे लागली. तेव्हा ती चाळिशीला आली होती.

इथून पुढे तिची लढाई वयाशी कमी आणि नियमांशी जास्त झाली. ते नियम जरा तपशिलाने सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, आवश्यक केली. १९९५ पासून महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तशीच राज्य पातळीवरची सेट सुरू झाली. २००६ मध्ये आयोगाने सांगितलं की एम.फिल. असेल तर पदवी वर्गांना शिकवायला नेट-सेटची गरज नाही. आमच्या या बाई आनंदल्या. २००९ मध्ये ती सवलत निघाली. आता ठरलेल्या पद्धतीने केलेली पीएचडीच चालेल. बाई सेटला बसल्या, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटल्या. मग २०१८ चे नियम आले. विद्यापीठ विभागांत साहाय्यक प्राध्यापक व्हायचं तर २०२१ पासून पीएचडी हवीच. बाईंनी नाव नोंदवलं. ती तारीख करोनामुळे २०२३ वर गेली, आणि २०२३ च्या जुलैत आयोगाने जाहीर केलं की नेट, सेट पुरेशी आहे, पीएचडी ऐच्छिक. दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद केली. बाईंची पीएचडी पन्नाशीला पूर्ण झाली. ज्या पदवीवर त्यांनी पहिल्यांदा भिस्त ठेवली ती आता अस्तित्वात नाही, आणि जी शेवटी मिळवली ती सक्तीची राहिली नाही.

हे नियम वाईट हेतूने बदलले असं माझं म्हणणं नाही. शिक्षकाची पात्रता वाढवावी हे मलाही पटतं. पण पंचविशीतल्या मुलाला नियम बदलल्याचा फटका दोन वर्षांचा बसतो. बेचाळिशीतल्या बाईला तोच फटका उरलेल्या सगळ्या नोकरीचा बसतो. नियम करणाऱ्याच्या टेबलावर हा फरक कधी येतच नाही.

मग भरती. आपल्या राज्यात अनुदानित महाविद्यालयांतल्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या जातात, हे इथल्या प्राचार्यांना मी सांगायला नको. २०१८ च्या नोव्हेंबरात ३,५८० साहाय्यक प्राध्यापकांच्या जागा भरायला मंजुरी मिळाली. त्या पुऱ्या भरण्याआधी २०२० च्या मे महिन्यात करोनाचा शासन निर्णय आला आणि भरती थांबली. उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा वाट मिळायला २०२१ उजाडलं. सरकारच्या लेखी ही केवळ स्थगिती होती. या काळात आमच्या बाईंचं वय स्थगित राहिलं नाही.

कुणी म्हणेल, अनुदान आयोगाच्या नियमात प्राध्यापकपदासाठी कमाल वय नाहीच, मग तक्रार कसली? खरं आहे. सेटला नाही, नेटच्या अध्यापक-पात्रतेलाही नाही. फक्त संशोधन शिष्यवृत्तीला आहे: तीस वर्षं, स्त्रियांना आणखी पाचाची सवलत. राज्य सरकारच्या बहुतेक थेट भरतीत मात्र खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. २०१६ साली ती पाच वर्षांनी वाढवली होती. तेव्हा कागदावर महाविद्यालयाचं दार उघडं आहे. अडसर आत, निवड समितीच्या डोक्यात असतो, आणि त्यामागचा हिशेब मला संस्थाचालकांनीच समजावून सांगितला आहे. पन्नाशीची बाई घेतली तर दहा वर्षांत निवृत्त. जागा पुन्हा रिकामी. पुन्हा कार्यभार तपासणी, पुन्हा आरक्षणाची बिंदुनामावली, पुन्हा ना-हरकत प्रमाणपत्र, आणि तेवढं करूनही जागा परत मिळेल याची खात्री नाही. तीस वर्षांचा मुलगा घेतला की तीस वर्षं चिंता नाही. म्हणजे समितीला बाईंबद्दल आकस नसतो. सरकार रिक्त जागा गिळून टाकतं म्हणून संस्था तरुण माणूस बघते, आणि त्याची किंमत उशिरा आलेल्या बाईने मोजायची असते.

अर्थात हे कुणी मुलाखतीत सांगत नाही. मुलाखतीत विचारतात, "मिस्टर काय करतात?" नवऱ्याला चांगला पगार असेल तर समितीच्या मनाला तेवढाच दिलासा. आणि मुलाखतीच्या आधी, बाहेरच्या बाकावर, दबक्या आवाजात जे बोललं जातं त्याबद्दलही एक वाक्य बोलते. कायमच्या जागेसाठी काही संस्थांना काय 'द्यावं' लागतं, हे महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? ही रक्कम उभी करायला कुटुंबं जमिनी विकतात. पण ती मुलासाठी विकतात, जावयासाठीही विकतात. सत्तेचाळीस वर्षांच्या सुनेसाठी एक गुंठा विकलेला माझ्या पाहण्यात नाही. जिथे लाच घेतली जाते तिथेही बाईच्या नावाने ती दिली जात नाही, अशी ही प्रामाणिक समाजव्यवस्था आहे.

मग उरतं ते तासिका तत्त्व, म्हणजे तास मोजून पैसे. आपल्याकडे सर्रास सीएचबी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये बोलावतात, सत्र संपलं की संपलं, मे महिन्याचा पैसा नाही, दिवाळीच्या सुटीचा नाही. घेतलेल्या तासांचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी नाही, प्रसूती रजा नाही. प्रसूती आता आमच्या बाईंच्या कामाची नाही म्हणा, पण सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही रजा नव्हती. हे हाल पुरुष सीएचबीवाल्यांचेही आहेत, आणि ते मी कमी लेखत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांची लग्नं या तत्त्वापायी अडली आहेत. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मार्गदर्शक रक्कम सांगितली होती. ती तुमच्या-माझ्या ओळखीतल्या किती जणांच्या हातात पडते ते त्यांनाच विचारा.

तासिका तत्त्वावरची पंधरा वर्षं अनुभव म्हणून जमेस धरली जातील, अशी आशा या बायकांना असते. इथे आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतलं एक कलम आडवं येतं. आधीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा जमेस धरायची तर त्या काळात मिळालेलं एकूण मानधन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं, अशी त्यात अट आहे. पुन्हा ऐका. तुम्हाला कमी पैसे दिले, म्हणून तुम्ही शिकवलेलं मोजायचं नाही. ज्याने कमी पैसे दिले त्याला काही नाही. मी अनेक वर्षं कामगार कायदे शिकवले, इतकं चोख वाक्य मला दुसरीकडे सापडलं नाही.

'पण तिला गरज काय?' हा प्रश्न सभ्य माणसं विचारतात, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. पहिलं उत्तर रोकडं आहे. नवरा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, सत्तरीत जातो, बाई नव्वदीपर्यंत राहते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेल्यांचं जुनं निवृत्तिवेतन गेलं, तेव्हा नवऱ्याच्या जिवावरचं म्हातारपणही पूर्वीसारखं पक्कं नाही. शिवाय सगळ्यांना नवरा असतोच असं नाही. काही एकट्या आहेत, काही सोडलेल्या, काही सोडून आलेल्या. आणि ज्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच बाई, तिच्या पीएचडीकडे सगळी वस्ती डोळे लावून बसलेली असते. तिला नोकरी मिळत नाही तेव्हा गल्लीतल्या दहा मुलींच्या शिक्षणावर त्याचा परिणाम होतो. त्यांचे आई-बाप कशाच्या भरवशावर मुलींना शिकवायचं म्हणतील?

दुसरं उत्तर, मला विचाराल तर, असं की गरज हा प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. सधन शेतकऱ्याच्या मुलाने प्राध्यापकीसाठी अर्ज केला तर त्याचा सातबारा कुणी मागत नाही.

घरातला वेळही बघा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. रोजचे पाच तासांना थोडे कमी. आम्ही मुलांच्या संगोपनाची चर्चा खूप करतो, केंद्र सरकारी नोकरीत त्यासाठी ७३० दिवसांची रजाही आहे. पंचेचाळिशी ते साठीच्या बाईचं ओझं मात्र मुलांचं नसतं, म्हाताऱ्यांचं असतं, आणि त्याच वेळी तिची स्वतःची पाळी जात असते. याला रजा नाही, आणि बोलायची सोयही नाही. नोकरीतला खंड म्हणून अर्जात दिसणारी ही वर्षं प्रत्यक्षात कुणाच्या तरी औषधपाण्यात गेलेली असतात.

यावर जे उपाय सुचवले जातात त्यांतले बरेच मला पटत नाहीत. 'घरबसल्या शिकवण्या घ्या', 'ऑनलाइन काहीतरी करा', 'बचत गटाला मार्गदर्शन करा'. वनस्पतिशास्त्रात संशोधन केलेल्या बाईने पाचवीच्या मुलांचा गृहपाठ घ्यावा यात मुलांचं भलं असेल, पण त्याला रोजगार म्हणू नये. काही उपाय मात्र खरे होते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ च्या सुमारास खंड पडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांसाठी योजना काढली. तिच्या एका शाखेत संशोधन प्रकल्पासाठी वयाची मर्यादा सत्तावन्नपर्यंत होती, आणि दुसऱ्या शाखेत बौद्धिक संपदेचं वर्षभराचं प्रशिक्षण मिळायचं. त्या प्रशिक्षणातून निघालेल्या कितीतरी जणींनी पेटंटच्या कामात स्वतःचं बस्तान बसवलं. टाटा समूहाने २००८ मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी पुनरागमनाचा कार्यक्रम सुरू केला. या योजना लहान आहेत, आणि त्यांचा रोख विज्ञानाकडे किंवा कंपन्यांकडे आहे. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेतलेल्यांनी कुठे जायचं?

आणि खरं सांगायचं तर हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या मोठ्या संस्था ज्यांच्यासाठी निघाल्या त्या फक्त पोरसवदा मुली नव्हत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. यांत आयुष्य एकदा मोडलेल्या बायका आल्या, आणि त्यांना शिक्षिका, परिचारिका करायचं हा हेतू उघडपणे होता. अण्णासाहेबांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी लोकांच्या घरची कामं करून दिवस काढले. कुठल्या निवड समितीने त्यांना वय विचारलं असतं?

स्वातंत्र्यानंतरही हे सूत्र काही काळ टिकलं. दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम काढला. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या बायकांनी दोनेक वर्षांत शालान्त परीक्षेची तयारी करायची आणि ग्रामसेविका, शिक्षिका, परिचारिका व्हायचं. शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये त्या योजनेने अंतर ठेवलं नव्हतं. ते मंडळ २०२२ मध्ये बंद झालं.

आता याच्याशेजारी आपल्याच राज्याचा एक कायदा ठेवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. कोरडवाहू गावातली पंचावन्न वर्षांची अक्षरशत्रू बाई त्या कायद्यानुसार तहसीलदाराला म्हणू शकत होती, मला काम दे. पंधरा दिवसांत दिलं नाहीस तर भत्ता दे. नाला बांधायला, खडी फोडायला तिचं वय आड आलं नाही. दुष्काळी कामांवर बायकांचीच संख्या मोठी असायची. हातात कुदळ असलेल्या बाईला काम मागायचा हक्क दिला तो याच महाराष्ट्राने. हातात प्रबंध असलेल्या बाईला आपण अर्ज करायला सांगतो आणि उत्तर पाठवत नाही.

माझा मुद्दा असा नाही की पीएचडीवाल्यांना रोजगार हमी द्या. माझा मुद्दा असा की पदवी देणाऱ्या सरकारने पुढच्या हिशेबातून अंग काढून घेतलं आहे. २०२४ च्या जुलैत राज्याने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. चांगलं केलं. देशात पीएचडी करणाऱ्या मुलींची संख्या २०१४-१५ मध्ये अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होती, ती २०२१-२२ मध्ये नव्व्याण्णव हजारांच्या घरात गेली. या मुलींपैकी पुष्कळ जणींच्या आयुष्यात बदल्या, बाळंतपणं, आजारपणं येणारच. वीस वर्षांनी त्या जेव्हा परत दारात उभ्या राहतील तेव्हा आजच्यापेक्षा दुपटीने असतील.

समोर पहिल्या रांगेत दोन संस्थांचे विश्वस्त बसले आहेत, म्हणून मागणी त्यांच्याकडेच करते. मंत्रालय लांब आहे. तुमच्या जूनच्या जाहिरातीत तासिका तत्त्वाच्या जागा असतीलच. त्या बाईंना नेमणुकीचं पत्र द्या, सत्र संपल्यावर किती तास घेतले याचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र न मागता द्या, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. शासनाकडून यायला उशीर होतो हे मला माहीत आहे, तुमच्या इमारत निधीला तसा उशीर होत नाही. निवड समितीत घरच्या माणसांची चौकशी बंद करा. रिक्त झालेली जागा आपोआप पुन्हा मंजूर धरावी, म्हणजे उमेदवाराचं उरलेलं वय मोजत बसावं लागणार नाही, असा ठराव तुमच्या संस्थाचालक संघटनेत मांडा. आणि ते २०१८ चं कलम, कमी मानधनाची सेवा जमेस न धरण्याचं, त्याविरुद्ध प्राध्यापक संघटनांनी निवेदन द्यावं. मसुदा हवा असेल तर मी करून देते.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे असं अध्यक्षांनी सांगितलं आहे. मागच्या रांगेतल्या बायकांनी आधी विचारावेत.